चांदीवर ताठ, सोन्यावर तिरके

गौरी-गणपती आठवड्यावर आले की आमच्याकडे चांदीची उपकरणी घासायला निघतात. निरांजनं, पंचपात्र, पळी, अत्तरदाणी, सगळी वर्षभर मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली. कुणाचा हात लागलेला नसतो, तरी प्रत्येकावर काळी झाक चढलेली असतेच. हवेत गंधकाची संयुगं अगदी नावापुरती असतात, पण चांदी तेवढीही पकडते आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो. त्याच कपाटातली सोन्याची नथ मात्र जशीच्या तशी लखलखत असते.

यावरून सोन्याला गंधकाचं वावडं आहे असं वाटेल. तसं मुळीच नाही. सोनंही गंधकाला घट्ट धरतं, फक्त सगळ्यात वरच्या थरापुरतं. गंधक आत शिरत नाही, म्हणून सोनं काळवंडत नाही. धातू आणि गंधक यांच्या या ओढीवर गेल्या चाळीस वर्षांत एक अख्खी विद्या उभी राहिली आहे. सेंद्रिय रेणू धातूवर सोडून द्यायचे आणि त्यांनी आपणहून शिस्तीत बसायचं. याला स्वयंरचना म्हणतात. शिकवताना ही सगळी रेणूंची करामत म्हणून सांगितली जाते आणि धातू नुसता खाली मांडलेल्या पाटासारखा राहतो. मला हे चित्र अपुरं वाटतं. रेणूंनी कसं बसायचं, किती अंतरावर बसायचं, कधी तर कोणत्या रूपात बसायचं, यात धातूचा हात फार मोठा असतो.

आधी रेणूची ओळख करून घेऊ. थायॉल हा शब्द नवा वाटला तरी त्याचा वास आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, आणि ते एक थायॉलच आहे. एका टोकाला गंधक आणि हायड्रोजनची जोडी, मागे दोन कार्बनची आखूड शेपटी. प्रयोगशाळेत वापरतात त्या थायॉलची शेपटी बरीच लांब असते, बारा, सोळा किंवा अठरा कार्बनची.

प्रयोग अगदी साधा आहे. काचेवर किंवा अभ्रकावर सोन्याचा पातळ थर चढवायचा, अल्कोहोलमध्ये थोडंसं थायॉल विरघळवायचं, पट्टी त्यात बुडवायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. पहिल्या काही मिनिटांतच सोनं जवळजवळ पूर्ण झाकलं जातं, उरलेले तास रेणूंना आपल्या रांगा नीट करायला लागतात. सकाळी पट्टी काढून धुतली, वाळवली, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, कारण थराची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर असते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). मग तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. स्वच्छ सोन्यावर पसरणारा थेंब आता अंग चोरून, मेणावर बसावा तसा गोळा होऊन बसतो. पाण्याला सोनं भेटतच नाही, भेटतात ती तेलकट शेपट्यांची टोकं. एका चौरस सेंटिमीटरवर असे सुमारे ४५० लाख कोटी रेणू उभे असतात आणि त्यातल्या एकालाही कुणी हाताने बसवलेलं नसतं.

असा एकपदरी थर आपोआप बनतो हे अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं. पण गंधक आणि सोन्याची जोडी जमली ती १९८३ मध्ये, बेल लॅब्जमध्ये. राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधकाच्या संयुगांचे सुबक थर सोन्यावर बसवून दाखवले आणि पुढे हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हा विषय घरोघरी नेला म्हणावा इतका वाढवला.

आता मुद्द्याचं. याच पट्टीवरचे रेणू सोन्यावर सरळ उभे नसतात. उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी कललेले असतात, आणि सगळे एकाच बाजूला. तेच थायॉल, तेच द्रावण, फक्त सोन्याऐवजी चांदीची पट्टी घेतली, तर रेणू जवळजवळ ताठ उभे राहतात. कल उरतो तो दहा-बारा अंशांचा. रेणू एकच असताना हा फरक कशामुळे?

याचं उत्तर पुस्तकांच्या फळीवर सापडतं. फळी गच्च भरली असेल तर पुस्तकं ताठ उभी राहतात. मधली चार काढून घेतली की उरलेली एका बाजूला कलतात, आणि शेजारच्या पुस्तकाला टेकेपर्यंत कलत जातात. रेणूंच्या शेपट्यांचंही तसंच. एकमेकींना चिकटून राहण्यात त्यांना सुख असतं, आणि ताठ उभं राहून चिकटायचं तर दोन शेपट्यांमध्ये सुमारे ०.४६ नॅनोमीटर अंतर हवं. पण पायाशी असलेला गंधक कुठे बसायचा हे शेपटी ठरवत नाही. सोन्यावर दोन शेजारी गंधकांमध्ये सुमारे ०.५ नॅनोमीटर अंतर पडतं. फळी थोडी मोकळी राहिली, म्हणून शेपट्या कलतात आणि कलून एकमेकींना गाठतात. चांदीवर गंधक ०.४७ नॅनोमीटरच्या आसपास बसतात. तिथे कलायला जागाच नाही.

गंमत पुढे आहे. सोन्याच्या पृष्ठभागावर दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर आणि चांदीच्या पृष्ठभागावर ०.२८९. म्हणजे जमीन मापाने जवळजवळ सारखी. तरी सोनं गंधकाला ठरावीक अंतरावर बसवतं, तर चांदी त्याला आणखी जवळ सरकू देते. तेव्हा नुसती अणूंची मापं पाहून भागत नाही. त्या धातूचे इलेक्ट्रॉन गंधकाशी कसे जुळतात, कोणत्या जागी किती घट्ट धरतात, हेही पाहावं लागतं.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे सांगणं सोपं जातं. आधी ठिपके, मग रेषा. सातांच्या पाच ओळी मांडल्यात की मधल्या जागेत ठिपके टाकलेत, यावर पुढची नक्षी ठरते. धातूचा पृष्ठभागही असाच ठिपक्यांचा कागद आहे. ताटात एका थरात लाडू लावले की मधल्या प्रत्येक लाडवाभोवती सहा लाडू येतात. सोनं, चांदी, तांबं यांचा सगळ्यात घट्ट पृष्ठभाग असा षट्कोनी असतो. तोच स्फटिक वेगळ्या दिशेने कापला तर ठिपके चौकटीत येतात, फरशा बसवल्यासारखे. आणखी वेगळ्या दिशेने कापला तर लांब सऱ्या पडतात, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि त्यांवर सोडलेले रेणू बरेचदा सरीच्याच दिशेने रांग धरतात. एकाच तांब्याचे हे तीन चेहरे, आणि तिन्हींवर त्याच रेणूची बैठक वेगळी.

पण ही उपमा एका ठिकाणी तुटते, आणि मला तर तीच जागा सगळ्यात मोलाची वाटते. रांगोळीचे ठिपके जागचे हलत नाहीत. धातूचे हलतात.

सोन्याच्या घट्ट पृष्ठभागाचंच पाहा. आतल्या थरात जिथे २२ अणू मावतात तेवढ्या लांबीत सगळ्यात वरचा थर २३ अणू कोंबतो. पंगतीत बावीस पानांच्या जागेत तेवीस जण बसले की काहींची मांडी शेजाऱ्यावर चढणारच. त्या चढलेल्या अणूंच्या रेषा सोन्यावर नागमोडी वळणं घेत जातात, साधारण ६ नॅनोमीटरला एक जोडी. चांदीच्या किंवा तांब्याच्या तशाच पृष्ठभागावर ही नागमोड नसते. थायॉल येऊन बसलं की सोन्यातली ही दाटी मोडते आणि जास्तीचे अणू वर फेकले जातात. थर तयार झालेल्या सोन्यावर एका अणूच्या खोलीचे, म्हणजे ०.२४ नॅनोमीटरचे खळगे दिसतात. सुरुवातीला ही थायॉलच्या थरातली भोकं वाटली होती. प्रत्यक्षात खळगे सोन्यातच आहेत आणि त्यांच्या तळाशीही थायॉल शिस्तीत उभं आहे. वर आलेल्या सोन्याच्या अणूंपैकी काही दोन गंधकांच्या मधोमध जाऊन बसतात, दोन्ही बाजूंनी धरल्यासारखे. २००७ मध्ये १०२ सोन्याच्या अणूंच्या एका कणाची अचूक रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर गंधक, सोनं, गंधक अशा कमानी स्पष्ट दिसल्या. म्हणजे नक्षीतल्या रेषेत ठिपके स्वतः येऊन मिसळले होते.

हे सगळं दिसतं कसं? १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बनवला आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक अतिशय टोकदार सुई पृष्ठभागापासून अर्ध्या-एक नॅनोमीटरवर आणायची. स्पर्श न होताच इलेक्ट्रॉन मधली फट ओलांडतात आणि बारीकसा प्रवाह वाहतो. फट किंचित कमी-जास्त झाली की प्रवाह कित्येक पटींनी बदलतो. सुई ओळीओळीने फिरवत नेली की पृष्ठभागाचा उंचसखलपणा कळतो. या यंत्राला विजेचा प्रवाह वाहून नेणारा पाया लागतो, आणि धातू त्याला चालतो. या विषयाची भरभराट धातूंवर झाली त्यामागे हेही एक साधं कारण आहे.

थायॉलला गंधकाचा पाय आहे, त्यावर ते उभं राहतं. पण बरेच सेंद्रिय रेणू सपाट असतात, पापडासारखे, आणि ते धातूवर आडवे पडतात. इथे ओढाताण वेगळी. प्रत्येक रेणूला खालून धातू ओढतो आणि बाजूने शेजारी रेणू ओढतात. धातूची ओढ माफक असली तर रेणू सरकत, फिरत, शेजारी निवडत नक्षी घडवतात. ओढ फार झाली की रेणू जिथे पडला तिथेच रुतून बसतो आणि नक्षी राहते अर्धवट. चांगल्या रचनेला धातूचा आधार हवा आणि फिरायला मोकळीकही हवी. हा तोल साधायचा म्हणूनच संशोधक पृष्ठभाग गरम-थंड करून पाहत असतात.

याचं सगळ्यात नेटकं उदाहरण म्हणजे पीटीसीडीए, लाल रंगद्रव्यांच्या घराण्यातला एक लांबट सपाट रेणू. त्याच्या टोकांना ऑक्सिजन आहेत आणि बगलेत हायड्रोजन. एकाचं टोक दुसऱ्याच्या बगलेकडे ओढलं जातं, म्हणून रेणू आडवे-उभे असे आळीपाळीने बसतात, चटईच्या विणीसारखे. आता तो धातूपासून किती उंचीवर तरंगतो ते पाहा. तांब्यावर ०.२६६ नॅनोमीटर, चांदीवर ०.२८६, सोन्यावर ०.३२७. सोन्यावर तो नुसता टेकलेला असतो आणि त्याची वीण खालच्या ठिपक्यांशी नीट जुळतही नाही. चांदीवर खरा बंध जुळतो, टोकांचे ऑक्सिजन खाली झुकतात आणि वीण ठिपक्यांवर बरोबर बसते. तांब्याची पकड त्याहून जवळची. आकडे एवढेसे दिसतात, पण रासायनिक बंधांच्या जगात ०.०६ नॅनोमीटर म्हणजे ओळखीचा माणूस आणि घरचा माणूस यांच्यातलं अंतर.

सोनं इतकं अलिप्त का, यावर बियोर्क हॅमर आणि येन्स नॉर्स्कोव्ह यांनी १९९५ मध्ये एक फार सुंदर उलगडा मांडला. थोडक्यात असा: बाहेरचा रेणू धातूजवळ आला की दोघांच्या इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणातून काही बंध जोडणाऱ्या जागा तयार होतात आणि काही बंध सोडवणाऱ्या. सोन्यात या सोडवणाऱ्या जागाही भरलेल्या राहतात, त्यामुळे जुळणीचा फायदा बराचसा वजा होतो. तांब्यातही त्या भरलेल्याच असतात, पण सोन्याचे इलेक्ट्रॉन जास्त फैलावलेले असल्यामुळे त्याच्याकडून ढकलणंही जास्त होतं.

आतापर्यंत धातूने रेणूची बैठक बदलली. पुढची पायरी म्हणजे धातू रेणूच बदलतो.

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि पॉलिएस्टरचं कापड ज्यापासून बनतं ते टेरेफ्थॅलिक आम्ल घ्या. मधे बेंझीनचं कडं आणि दोन्ही टोकांना आम्लगट. सोन्यावर हे रेणू टोकाला टोक लावतात. याचा हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनला, त्याचा याच्या ऑक्सिजनला, असे हातात हात घालून लांब साखळ्या होतात आणि साखळ्यांना साखळ्या लागून चादर तयार होते. तोच रेणू चौकटीच्या ठिपक्यांच्या तांब्यावर, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला टाका. तांबं दोन्ही टोकांचे हायड्रोजन काढून टाकतं. आता टोकाला टोक लागणं शक्यच नाही, कारण दोन्ही टोकांवर ऋणभार आहे. मग रेणू आपलं टोक शेजाऱ्याच्या कुशीकडे वळवतो आणि सगळी नक्षी पालटते. या उघड्या पडलेल्या टोकांचा उपयोग श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत क्लाउस केर्न यांच्या गटाने फार छान करून घेतला. वरून लोखंडाचे अणू शिंपडले की ही टोकं लोखंडाला धरतात आणि तांब्यावर खिडक्यांच्या जाळीसारखी रचना उभी राहते, जिच्या चौकटीत दुसरे पाहुणे रेणू येऊन बसू शकतात.

उष्णता दिली की गोष्ट आणखी पुढे जाते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेतले रोमान फाझेल आणि माइन्त्सचे क्लाउस म्युलेन यांच्या गटांनी दोन ब्रोमीन असलेला एक रेणू सोन्यावर टाकला. सुमारे २०० अंश सेल्सिअसला ब्रोमीन सुटले आणि मोकळे हात एकमेकांना धरून साखळी झाली. ४०० अंशांना जास्तीचे हायड्रोजन उडून गेले, साखळीचे बेचके मिटले आणि ग्राफीनची, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या चादरीची, सपाट फीत तयार झाली, रुंदीला मोजून सात कार्बन अणूंच्या ओळी. प्रत्येक फितीची रुंदी सारखी, कडा एकसारखी. कात्रीने, शाईने, कोणत्याही कोरणीने हे जमलं नसतं.

पुढे तोच रेणू तांब्यावर टाकला गेला. तिथेही फीत बनली, पण कडा वेगळी, तिरप्या कापाची. नेमकी कडा कोणती यावर सुरुवातीला वाद झाला, मग रेणूतले बंध दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांनी तो मिटवला. सोन्यावर रेणू ब्रोमीनच्याच जागी जुळतात. तांब्यावर ब्रोमीन लवकर निघून जातो, तांबं रेणूला खाली ओढून धरतं आणि जोडणी वेगळ्या कार्बनांवर होते. सुरुवातीचा रेणू एकच होता, धातू बदलला आणि हाती वेगळा पदार्थ आला. फितीची कडा बदलली की तिचे विजेचे गुणही बदलतात, म्हणून हा फरक नुसता शोभेचा नाही.

धातूचा आणखी एक हात आहे, तो दूरवर पोचतो. तांब्याच्या घट्ट पृष्ठभागावर काही इलेक्ट्रॉन वरच्या थरातच मोकळे हिंडतात, उथळ तळ्यातल्या पाण्यासारखे. मध्ये काही अडथळा आला की त्यांच्या लाटा उठतात. २००६ मध्ये लुडविग बार्टेल्स यांच्या गटाला अँथ्राक्विनोनच्या रेणूंची (मंजिष्ठेच्या लाल रंगामागे याच सांगाड्याचे रेणू आहेत) तांब्यावर एक विलक्षण जाळी दिसली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, प्रत्येक घर सुमारे ५ नॅनोमीटरचं आणि आतून पूर्ण रिकामं. रेणू स्वतः जेमतेम एक नॅनोमीटरचा. शेजाऱ्यांची ओढ एवढ्या लांब पोचत नाही, मग घर इतकं मोठं का? पुढच्या अभ्यासातून उत्तर आलं की पोळ्याच्या घरात तांब्याचे मोकळे इलेक्ट्रॉन अडकतात आणि त्या मापाच्या घरात त्यांची मांडणी सर्वांत स्थिर होते. घराच्या भिंती रेणूंच्या, पण माप ठरवलं ते इलेक्ट्रॉनांनी.

शेवटी पुन्हा भांड्यांकडे येतो. तांब्या-पितळेला हिरवा कळंक चढतो तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. संग्रहालयांत जुन्या कांस्यमूर्तींना अशी झीज लागू नये म्हणून १९६० च्या दशकापासून बेंझोट्रायझोल नावाचं संयुग वापरतात. मूर्ती त्याच्या द्रावणात भिजवली की तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा संरक्षक पापुद्रा धरतो. बरीच वर्षं हे नुसतं उपयोगी म्हणून वापरलं जात होतं. सुईच्या सूक्ष्मदर्शकाने स्वच्छ तांब्यावर पाहिलं तेव्हा त्या रेणूंच्या मधोमध तांब्याचे सुटे अणू सापडले. रेणू, तांब्याचा अणू, पुन्हा रेणू, अशी जोडणी. हे अणू बाहेरून आलेले नाहीत, खालच्याच पृष्ठभागातून उठून वर आलेले आहेत. आपल्यावर चढणाऱ्या पापुद्र्यात तांब्याने स्वतःचे अणू घातले होते.